आमच्या शनीची ओटी

आमच्या गाडीला तीन रंग आहेत, हे मी कुणी विचारायच्या आधीच कबूल करते. अंग गर्द हिरवं, पुढच्या डाव्या चाकावरचा फेंडर पांढरा, आणि मागचा बंपर निळा. अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरमधल्या आमच्या वसाहतीत घरं सगळी वाळूच्या रंगाची, कौलं सगळी विटकरी, आणि अंगणातल्या खडीवर कुठली निवडुंगं लावायची त्याचीसुद्धा मंजूर यादी आहे. त्या सगळ्या वाळूत आमची गाडी ड्राइव्हवेवर उभी असते आणि लांबून दिसते. दिसू दे.

गेल्या महिन्यात एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालकांच्या समितीचं पत्र आलं. भाषा फार अदबीची. रस्त्यावरून दिसणाऱ्या आपल्या वाहनाचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत, तरी तीस दिवसांत ते एका रंगाचं करावं किंवा दृष्टीआड ठेवावं. हरकत असल्यास सभेला यावं.

"रंगवून टाकू ना," हे म्हणाले. आमच्या ह्यांची सगळी नोकरी चिपच्या कारखान्यात गेली, धुळीचा कण चालत नाही अशा खोल्यांमध्ये. तेव्हापासून त्यांना जगात कुठेच डाग नको असतो. "नाहीतर नवी गाडी बाहेर काढू आणि ही गॅरेजमध्ये टाकू. विषय संपला."

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, जस्ट पेंट इट. इट्स अ कार."

"बघते," मी म्हटलं. मी बघते म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा असतो, हे बापलेकांना एवढ्या वर्षांत कळायला हरकत नव्हती.

दृष्टीआड या शब्दानं माझं डोकं फिरलं होतं. या देशात आल्यापासून मी बरंच काही दृष्टीआड केलेलं आहे. फोडणीचा वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, ऑफिसात जाताना टिकली काढून पर्समध्ये ठेवली, डबा गाडीत बसून खाल्ला. आता या वयात आणखी काही लपवायचं नाही, हे मी ठरवलं, आणि पत्र हातात घेऊनच गाडीत जाऊन बसले.

किल्ली फिरवली की आमच्या गाडीत खांद्याचा पट्टा खिडकीच्या वरच्या रुळावरून घूं करत सरकतो आणि आपला आपण खांद्यावर येऊन बसतो. अशी सोय त्या काळातल्या काही गाड्यांनाच होती. नव्या माणसाला तो आवाज ऐकून दचकायला होतं. मला मात्र कुणीतरी मागून पदर सारखा केल्यासारखं वाटतं. मग वास येतो. तापलेल्या प्लॅस्टिकचा, उन्हानं विरलेल्या कापडी सीटचा, आणि अगदी खाली, पायाशी, गोड्या मसाल्याचा. माझ्या मैत्रिणीच्या, नलिनीताईंच्या पिशवीतला मसाला एका उन्हाळ्यात तिथं सांडला होता. गाडी कितीदा धुतली, पण तो काही गेला नाही.

ही गाडी आता कुणी बनवत नाही. ज्या नावाखाली ती बनायची ते नावच बाजारातून उठलं. इथल्याच एका बड्या कंपनीनं मोठ्या हौसेनं काढलेलं ते नवं घराणं होतं. टेनेसीतल्या कुरणांमध्ये नवा कारखाना, नवी माणसं, आणि म्हणणं असं, की आमची गाडीही वेगळी आणि आमची वागणूकही वेगळी. नाव ठेवलं होतं एका ग्रहाचं. आपल्याकडे ज्या ग्रहाची दृष्टी नको म्हणून माणसं जन्मभर जपतात, नेमका तोच. आम्ही घरात तिला सरळ शनी म्हणायचो.

हे या गाडीवर भाळले ते एकाच कारणानं. तिथं घासाघीस नव्हती. काचेवर चिकटवलेली किंमत तीच शेवटची. आमचे हे पुण्याचे, पण मंडईतसुद्धा भाजीवाली सांगेल तो भाव देऊन वर थँक्यू म्हणणारे. मला शोरूममधल्या माणसाचं कौतुक वाटलं. त्यानं गाडीच्या दारावर खाडकन गुडघा मारला. दार आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं, पोचा नाही. बाहेरचे पत्रे प्लॅस्टिकचे होते, बोल्ट काढले की सुटे व्हायचे. गाडी न्यायच्या दिवशी शोरूममधली सगळी माणसं हातातलं काम टाकून आमच्याभोवती गोळा झाली, तेलकट हातांचे मेकॅनिकसुद्धा, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. ही त्यांची रीतच होती, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करायचे, हे मला नंतर कळलं. पण मला इथं येऊन सहा वर्षं झाली होती आणि माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं ते पहिलंच. मी त्या फोटोत रडवेली दिसते.

नागपूरला आईला फोन केला. तिनं आधी गाडीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "शनी घरी आणलात? आपणहून जाऊन? आणि शनिवारी?" मी हसायला लागले, तर म्हणाली, "हसू नको. तेल घालत जा म्हणावं त्याला."

सासूबाईंचा शब्द ह्यांनी असा पाळला, की दर शनिवारी सकाळी अंघोळ करून बॉनेट उघडायचं, डिपस्टिक पुसून तेल बघायचं, आणि लागलं तर घालायचं. अजून चालू आहे. इंजिन टिकलं ते त्यानंच, असं ते म्हणतात. आई असती तर तिनं श्रेय दुसऱ्या कुणाला दिलं असतं.

तो फोटो सुधानं पाहिला. सुधा आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायची, सांगलीची, आवाज असा खणखणीत की जिन्यात बोलली तरी पार्किंगमध्ये ऐकू जावं. फोटो बघून ती नवऱ्याला म्हणाली, "मलापण टाळ्या पाहिजेत." महिनाभरात त्यांच्याकडे तशीच गाडी आली, मरून रंगाची. तिला गाडी चालवता येत होती. मला येत नव्हती. रविवारी सकाळी ती मला शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन जायची. आमची गाडी गिअरची. ती उजवीकडे बसायची, एक हात दारावर, आणि तिच्या पायाशी नसलेला ब्रेक माझ्या प्रत्येक वळणाला दाबायची.

तेव्हा चँडलरच्या कडेनं संत्र्यांच्या बागा होत्या. मार्चमध्ये मोहर यायचा आणि खिडक्या खाली केल्या की वासानं जीव वेडा व्हायचा. मी नागपूरची, मला तो वास आला की हातातलं सुटायचं. "अगं डोळे मिटून काय चालवतेस?" सुधा ओरडायची. "क्लच सोड, स्टिअरिंग नको सोडू." आता त्या बागांच्या जागी आमच्यासारख्या वाळूच्या रंगाच्या वसाहती आहेत. मोहराचा वास अजूनही कधीतरी येतो, कुणाच्या तरी परसातल्या एखाद्या झाडाचा. मी गाडी बाजूला घेते आणि थांबते. मागची माणसं हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

एका उन्हाळ्यात कंपनीनं सगळ्या मालकांना कारखान्यावर बोलावलं. गाडी जिथं जन्मली तिथं तिला घेऊन या, असं आमंत्रण होतं. नलिनीताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माहेरी." नलिनीताई मुंबईच्या डॉक्टर, आमच्यात सगळ्यांत वडील, त्यांची गाडी पांढरी. झालं, तीन गाड्या निघाल्या. हिरवी, मरून, पांढरी. तीन दिवसांचा रस्ता. दशम्या, तिळाची चटणी, लोणचं, थर्मासमधला चहा, मागच्या सीटवर मुलांची भांडणं. न्यू मेक्सिकोत सुधानं गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला केस विंचरले. का, विचारलं, तर म्हणाली, "वारा चांगलाय."

तिथं पोचलो तर पाऊस पडून गेलेला आणि सगळीकडे चिखल. पण नजर जाईल तिथवर गाड्या होत्या. जिकडे बघावं तिकडे आपलीच गाडी, आपलाच पट्टा आतून घूं करतोय. अनोळखी माणसं चिखलातून येऊन हात मिळवायची, किती मैल झाले विचारायची, एकमेकांच्या गाडीला शेजारच्या मुलासारखं थोपटायची. निघायच्या दिवशी नलिनीताईंनी पिशवीतून तांदूळ, खण आणि नारळ काढला. "माहेराहून अशीच जाऊ द्यायची का तिला?" असं म्हणून त्यांनी त्या चिखलात उभं राहून तिन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर ओटी भरली.

कारखान्याचा शर्ट घातलेली एक दणकट बाई हे बघत होती. तिनं विचारलं, हे काय? सुधानं तिला सांगितलं, की आमच्यात लेक सासरी निघाली की तिची ओटी रिकामी ठेवत नाहीत. ती बाई म्हणाली, "मी दारं बसवते. तुमचंही एखादं मीच बसवलं असेल." आणि तिनं सुधाच्या मरून दारावर दोन्ही तळवे टेकवले. नलिनीताईंनी तिलाही कुंकू लावलं.

पुढे ते घराणं का बुडालं, कुणाचं काय चुकलं, यावर ह्यांच्याकडे खूप माहिती आहे. मला ती नको आहे. मला एवढं आठवतं, की ज्या शोरूममध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या तिथं एका सकाळी काचांना आतून खाकी कागद लावलेला होता. मी गाडी उभी करून काचेतून बघायचा प्रयत्न केला. आत एक खुर्ची होती.

त्यानंतर भाग मिळेनासे झाले. आणि आमच्यातली माणसंही पांगायला लागली. नलिनीताई निवृत्त झाल्या, मुलीकडे आयसेलिनला जायचं ठरलं, त्यांची पांढरी भंगारात निघाली. जायच्या आधी त्या आमच्याकडे आल्या, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर फेंडर. त्यात चार दाणे तांदूळ आणि एक खण. माझ्या गाडीचा डावा फेंडर तेव्हा तडकलेला होता, ते त्यांच्या लक्षात होतं. "तिला आता माहेर नाही," त्या म्हणाल्या. "आपणच तिचं माहेर. ओटी भरायला आले आहे."

तेव्हापासून रीतच पडली. आमच्या ओळखीत कुणाची शनी गेली, की त्यातला एक भाग आमच्या गाडीच्या ओटीत यायचा. आरसा आला, दिवा आला, खिडकीची मूठ आली. निळा बंपर युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मंदारनं आणला. जुनी गाडी घेऊन दोन वर्षं पळवली होती त्यानं आणि त्याच्या मित्रांनी. "काकू, आमची निळी गेली यार, इंजिनच बसलं," तो दारात उभा राहून म्हणाला. "मला हर्नडनला जॉब लागलाय, नेक्स्ट वीक निघतोय. बंपर चांगलाय, सो काढून आणला. ते ओटी वगैरे काय असतं ते तुम्ही बघा." मी त्याला पोळी-भाजी वाढली. त्यानं जेवून उठून स्वतःच्या हातानं बंपर बसवला आणि फोटो काढून मित्रांना पाठवला.

आणि सुधा. हे लिहायचं मी मघापासून टाळते आहे.

सुधा गेली. कशी, किती दिवसांत, ते नको. पंधरा दिवसांनी तिचे यजमान वसंतराव आले. हातात दाराचा बाहेरचा पत्रा, पुढचं उजवं दार, मरून, तिच्या सुती साडीत गुंडाळलेलं. हलकं असतं ते, एका हातात येतं. माझ्या गाडीचं नेमकं तेच दार कुणीतरी दुकानाबाहेर ठोकून फोडलेलं होतं. "वहिनी, सुधानं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "ओटी राहायला नको, असं म्हणाली." तांदूळ त्यांनी एका डबीत आणले होते. किती आणायचे ते ठाऊक नसल्यामुळे डबी शिगोशीग भरलेली होती.

ह्यांनी दार बसवलं. मला बघवेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीची तीच बाजू दिसायची. रोज सकाळी चहा गाळताना तो मरून रंग दिसायचा आणि क्षणभर वाटायचं, की ती आली आहे, आता जिन्यातल्यासारखी ओरडेल. आमच्याकडे त्या वर्षी मुलाचं लग्न होतं. पाहुणे येणार, गाडी बरी दिसायला हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि गाडी रंगाऱ्याकडे नेली. त्यानं विचारलं, पांढरा आणि निळा पण हिरवा करायचा ना? मी नाही म्हटलं. फक्त हे दार.

रंगारी कसबी होता. कुणाला कळलं नसतं. वसंतराव सांगलीला परत जायच्या आधी निरोप घ्यायला आले. ड्राइव्हवेवरून येताना त्यांची नजर गाडीच्या उजव्या बाजूला गेली, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. पांढरा फेंडर पांढरा होता, निळा बंपर निळा होता. त्यांनी हिरव्या दारावरून एकदा हात फिरवला. "बरं केलंत," ते म्हणाले. "उठून दिसत नाही आता."

मी त्यांना चहा विचारला. त्यांना घाई होती. पुढच्या वर्षी ते तिकडेच वारले. मी त्यांना कधी सांगू शकले नाही, की मला दुःख नको होतं म्हणून मी तुमच्या बायकोला पुसून टाकलं. गेली कित्येक वर्षं मी त्या दाराजवळून जाते आणि तिकडे बघत नाही. मला माझी लाज वाटते.

तर समितीची सभा. क्लबहाऊसमध्ये झाली, दुपारी, एसी इतका की मी शाल घेतली. टेबलाच्या पलीकडे पाच माणसं. अध्यक्ष आमच्याच गल्लीतला, निवृत्त, सभ्य गृहस्थ, रोज सकाळी कुत्र्याला फिरवतो आणि हात करतो. मी उभी राहिले. आवाज चांगला लागला. मी म्हटलं, "या गाडीला ज्यांनी जन्म दिला ते नाव आता नाही. ज्यांच्याकडे अशा गाड्या होत्या त्यातली निम्मी माणसं नाहीत. त्यांनी जाताना आपापल्या गाडीतला एकेक भाग मला दिला. मला पांढरा दिसतो तेव्हा एक बाई दिसते. निळा दिसतो तेव्हा एक मुलगा दिसतो. हे तुम्ही मला रंगवायला सांगू नका. या गाडीचा प्रत्येक तुकडा कारखान्यातून ज्या रंगात निघाला त्याच रंगात आहे. मी कशालाही हात लावलेला नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मी खाली बसले. शेजारच्या खुर्चीत हे हलले.

अध्यक्ष म्हणाला, की त्याला भावना समजतात. समितीतल्या दोघांनी मान हलवली. मग मतं घेतली. तीस दिवस आजपासून मोजले जातील, एक रंग, नाहीतर दंड.

घरी येताना मीच चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर हे म्हणाले, "तू खोटं बोललीस."

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी घरातलं दूध संपल्याचं सांगितलं. तेवढी समज त्यांना या संसारात आली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजमधून सँडपेपर काढला, बादली भरली, आणि ड्राइव्हवेवर उजव्या दारासमोर पाट टाकून बसले. ऊन अजून कोवळं होतं. पहिले काही हात काहीच झालं नाही. मग हिरवं पाणी ओघळायला लागलं, दारावरून खाली, काँक्रीटवरून गटाराकडे. हात दुखत होता, पण मला थांबायचं नव्हतं. थोड्या वेळानं हे बाहेर आले. मला वाटलं, आता शेजाऱ्यांचं काढतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हॅट ठेवली, नळाचा पाइप ओढत आणला आणि खुर्ची टाकून बसले.

"इतक्या जोरात नको," ते म्हणाले. "प्लॅस्टिक आहे. पाणी सोडत राहायला हवं. मी सोडतो, तू घास."

हिरव्याखाली एक फिकट करडा थर लागला. तो जायला बराच वेळ लागला. आणि मग दाराच्या मुठीखाली, जिथं ती हात ठेवायची त्याच्या जरा पुढे, नखाएवढा मरून दिसला. मी "सुधे" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण ह्यांनी पाणी बंद केलं आणि दुसरीकडे बघत बसले. मी रडून घेतलं, मग पुन्हा घासायला लागले. नखाचा तळहात झाला, तळहाताचं ताट झालं.

तेवढ्यात अध्यक्ष कुत्र्याला घेऊन आला. ओल्या ड्राइव्हवेवर थांबला, दाराकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा, सुरुवात केलीत," तो म्हणाला. "आधी असं घासून घेतलं की नवा रंग छान बसतो. कुठला ठरवलात?"

"मरून," मी म्हटलं.

त्यानं वाकून नीट पाहिलं. "चांगला रंग आहे. सगळी गाडी मरून का?"

"नाही," मी म्हटलं. "फक्त हे दार." आणि ह्यांना पाणी सोडायची खूण केली.